खुलासा : गाडीतला जीपीएस जॅमर ‘फक्त आपल्यापुरता’ नसतो

‘गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये छोटा जॅमर लावा, मालकाला तुमचा ठावठिकाणा कळणार नाही, त्याचा परिणाम गाडीपुरताच, विमानांना काहीच होत नाही’ असा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही क्षीण असतो. तो सिग्नल ज्या रेडिओ लहरीवर (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) येतो, तिच्यावरच बोटभर जॅमरने गोंगाट केला, की तो बुडतो. आणि हा गोंगाट काही गाडीच्या काचांपाशी थांबत नाही.

अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळाचंच घ्या. धावपट्ट्यांना लागूनच महामार्ग आहे. २००९ च्या सुमारास तिथल्या उपग्रह-आधारित लँडिंग यंत्रणेत मधूनच व्यत्यय यायचा. कारण निघालं रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांतले जॅमर. २०१२ मध्ये एक पिकअप ट्रक पकडला गेला. चालकाला फक्त मालकाच्या ट्रॅकिंगपासून लपायचं होतं. त्याच्यावर ३१,८७५ डॉलरच्या दंडाची नोटीस निघाली.

‘जॅमरने विमान कोसळतं’ हेही खरं नाही. मोठ्या प्रवासी विमानांत जडत्वावर चालणारी, म्हणजे उपग्रहांशिवाय विमानाच्या स्वतःच्या हालचाली मोजून जागा सांगणारी, दिशादर्शक यंत्रणा असते, जमिनीवरून रेडिओ मार्गदर्शनही मिळतं. पण जमीन जवळ आल्याचा इशारा, नियंत्रकांना जाणारं विमानाचं स्थान, यांत जीपीएसचा मोठा वाटा आहे; आणि नेमकं उतरताना वैमानिकाला नसता ताण कशाला?

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.