'अंतिम' नावाच्या सात फायली

नाशिकरोडला १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात आणि तिथे कागदाच्या तावातावाचा हिशेब ठेवला जातो, असे आम्ही नाशिककर बाहेरगावच्या पाहुण्यांना अभिमानाने सांगत असतो. त्याच शहरात, गंगापूर रोडवरच्या माझ्या राहत्या घरी, १९२ पानांच्या दिवाळी अंकाच्या एकाच मुखपृष्ठाच्या सात फायली माझ्यासमोर उघड्या आहेत. त्यांची नावे अनुक्रमे 'अंतिम', 'अंतिम २', 'अंतिम नवे', 'अंतिम खरे', 'अंतिम काकांनी पाहिलेले', 'अंतिम हात लावू नये' आणि 'जुने' अशी असून छापायला पाठवायची फाइल 'जुने' ही आहे, असे मला काल रात्री कळले.

आमचा मांडणीकार कोल्हापुरात, चित्रकार ताई पुण्यात, मुद्रितशोधक काका नागपुरात आणि छापखाना सातपूरला आहे. या चौघांना आणि मला बांधून ठेवणारा दुवा म्हणजे इंटरनेटवरचे एक सामायिक फोल्डर. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक निघाला तेव्हा छपाईच्या अक्षरांचे खिळे आणि खिळे जुळवणारा निदान एका छपराखाली तरी असणार. आमच्याकडे प्रत्येकाचे छप्पर वेगळे आणि खिळे मात्र सगळ्यांचे.

हे फोल्डर मांडणीकाराच्या नावावर आहे. त्याला फुकट मिळालेली जागा १५ जीबी, आणि त्यातच त्याचे मेल, त्याच्या भाचीच्या बारशाचे सगळे व्हिडिओ आणि आमचा अंक अशी दाटीवाटीची बिऱ्हाडे आहेत. जागा संपली तेव्हा व्हिडिओ काढायचे की कथाविभाग, असा प्रश्न त्याने मला गांभीर्याने विचारला होता. बारसे एकदाच होते, हे त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही, म्हणून मी मुकाट्याने जागेचे पैसे भरले.

खरी गंमत कुलपाची आहे. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी फाइल उघडली की तिच्याशेजारी आयडीएलके अशा शेपटीची एक चिमुकली फाइल आपोआप उगवते. आत कोणीतरी काम करत आहे, एवढेच सांगणारे ते कुलूप असते आणि काम संपले की ते आपले आपण नाहीसे होते. एका कचेरीतल्या दोन टेबलांमध्ये ही व्यवस्था बरी चालते. कोल्हापूरहून नाशिकला यायला मात्र कुलपालाही वेळ लागतो, आणि तोवर दार सताड उघडे दिसते. त्यातून काका जात्याच टापटिपीचे. पीडीएफ उतरवून घ्यायला ते फोल्डरमध्ये गेले, त्यांना ती चिमुकली फाइल दिसली, आणि "हा कसला कचरा पडलाय म्हणून मी झाडून टाकला," असे त्यांनी नंतर फोनवर समाधानाने सांगितले. त्याच सुमारास, मांडणीकार काम करत असलेली अंकाची फाइल मी संपादकीयातला एक अनुस्वार दुरुस्त करायला उघडली होती. दोघांनी जतन केले. यंत्राने कोणाचीच बाजू न घेता दोन्ही प्रती ठेवल्या: एकीत मांडणीकाराची तीन तासांची मेहनत आणि दुसरीत माझा अनुस्वार. मी कोणती ठेवली, हे सांगण्याची सोय नाही. मांडणीकार आठवडाभर माझ्याशी फक्त 'होय सर' आणि 'नाही सर' एवढेच बोलत होता.

आता माझ्या स्वतःच्या पराक्रमाकडे वळतो. लॅपटॉप भरला म्हणून मी माझ्याकडचे 'चित्रे' हे फोल्डर काढून टाकले. माझ्याकडे आहे ती नुसती प्रत, मूळ चित्रे वर कुठेतरी सुखरूप असणार, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. सामायिक म्हणजे सुखात आणि दुःखात सामायिक, हा अर्थ मला पाच मिनिटांत उमगला, कारण पुण्याहून ताईंचा फोन आला. "सर, माझा वासुदेव गेला," एवढेच त्या म्हणाल्या. दचकून मी कोण, कधी, असे विचारले आणि मग मुखपृष्ठावर टाळ-चिपळ्या घेऊन उभा असलेला वासुदेव माझ्या लक्षात आला. कोल्हापुरातल्या पडद्यावर ६४ चित्रांच्या नावांपुढे लाल वर्तुळातली ६४ प्रश्नचिन्हे उभी राहिली होती. काढलेल्या वस्तू तिथल्या कचरापेटीत ३० दिवस राहतात, म्हणून वासुदेव संध्याकाळपर्यंत परत आला. छापखान्यात आमचा फाँट नसल्याने तिथल्या पडद्यावर अक्षरांच्या जागी गुलाबी पट्ट्यांवर निव्वळ रिकामे चौकोन उमटले, तो किस्सा त्यामानाने किरकोळ.

यावर मांडणीकारानेच तोडगा काढला. फाइल उघडण्याआधी व्हॉट्सॲपच्या गटात 'बसलो' असे लिहायचे, काम झाले की 'उठलो' असे लिहायचे, आणि मधल्या काळात इतरांनी फोल्डरकडे डोळे वर करूनही पाहायचे नाही. गेले दहा दिवस ही पद्धत इतकी सुरळीत चालली की काकांनी जेवायला बसतानाही गटात कळवायला सुरुवात केली.

काल रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी मांडणीकाराचा 'बसलो' आला. आज सकाळचे साडेनऊ वाजले आहेत, सातपूरहून तिसरा फोन येऊन गेला आहे, मांडणीकाराचा फोन बंद आहे, आणि तो अजून उठलेला नाही.