थाई मालिकांवर थोडा अन्याय झालाय

थाई आणि कोरियन मालिकांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘थाई मालिका म्हणजे कोरियन मालिकांची स्वस्त नक्कल’ हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. २०१८ ची ‘बुप्पेसन्निवात’ ही थाई मालिका बघा. नावच पाली भाषेतलं आहे, पुब्बे संनिवास, म्हणजे पूर्वजन्मीचा सहवास. आजची मुलगी सतराव्या शतकातल्या अयुत्थयात, म्हणजे तेव्हाच्या थाई राजधानीत, नराई राजाच्या काळात जाऊन पडते आणि तिथे कोळंबी भाजून झणझणीत चटणीसोबत सगळ्यांना खाऊ घालते. ही मालिका चालू असताना लोक पारंपरिक पोशाख घालून तिथल्या वाट चायवत्थनाराम मंदिरात गर्दी करत होते. यात नक्कल कुठे आली?

कोरियन मालिकांचं बळ वेगळं आहे. ‘रिप्लाय १९८८’ मध्ये मधल्या मुलीचा वाढदिवस दरवर्षी मोठ्या बहिणीच्याच केकवर उरकतात. शेवटी ती रडत सगळं बोलून टाकते, तळलेलं अंडंसुद्धा माझ्या वाट्याला येत नाही म्हणते. मग बाप रात्री वेगळा केक घेऊन गल्लीत तिच्याशेजारी बसतो आणि सांगतो, मीही बाप म्हणून पहिल्यांदाच जगतोय. मी स्वतः मधली, त्यामुळे तो भाग बघून आईला फोनच लावला.

थाई मालिकांत मला खटकतं ते एकच. नायकाने नायिकेवर जबरदस्ती करायची आणि पुढे त्यालाच प्रेम म्हणायचं, हा जुना प्रकार. त्याला खुद्द थायलंडमध्येही विरोध झालाय, आणि तो व्हायलाच हवा होता. लेखात त्यावर दोन ओळी यायला हव्या होत्या.