‘लैंगिक शिक्षणानं मुलं बिघडतात’ : एका फॉरवर्डला उत्तर

‘शाळेत लैंगिक शिक्षण दिलं की मुलं नको ते करून बघतात. अमेरिकेचं काय झालं बघा! आपल्या आजी-पणजीला कुणी शिकवलं होतं? हे पाश्चात्त्यांचं खूळ. घरचे संस्कार आणि धाक पुरे.’ पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय.

अमेरिकेचंच आधी घेऊ, कारण ते उदाहरण फॉरवर्डवाल्यांच्याच अंगाशी येतं. १९९६च्या कायद्यानंतर तिथल्या सरकारनं दरवर्षी कोट्यवधी डॉलर ओतले ते ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच बजावणाऱ्या वर्गांवर. म्हणजे संस्कार आणि धाकच, सरकारी खर्चानं. २००७ साली या वर्गांच्या पाहणीचा अहवाल आला. वर्गाला बसलेली मुलं आणि न बसलेली मुलं, दोन्हींत संबंध ठेवणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच. पहिल्या संबंधाचं सरासरी वयही तेच, १४.९ वर्षं. काही मुलांनी तर ब्रह्मचर्याची रीतसर शपथ घेतली होती. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांनंतरचं चित्र दिसलं : ८२ टक्के म्हणाले, आम्ही शपथ घेतलीच नव्हती! तशाच घरांतल्या, तशाच विचारांच्या पण शपथ न घेतलेल्या मुलांइतकेच त्यांचेही लग्नाआधी संबंध आले होते. फक्त निरोध आणि गर्भनिरोधकं शपथवाल्यांनी कमी वापरली.

करून बघण्याचं म्हणाल, तर युनेस्कोनं लैंगिक शिक्षणावरच्या २०१८च्या मार्गदर्शिकेसाठी जगभरचे अभ्यास तपासले. लैंगिक शिक्षणानं संबंध वाढल्याचं त्यांत दिसलं नाही.

पणजीला कुणी शिकवलं नव्हतं, हे खरं. तिला कुणी विचारलंही नव्हतं. १८९१ साली मुलींचं संमतिवय, म्हणजे ज्याच्याआधी शरीरसंबंध हा गुन्हा ते वय, दहावरून बारा करायचं ठरलं, तर पुण्यात केवढा गदारोळ झाला! टिळक विरोधात, आगरकर बाजूनं. आज हा वाद वाचताना अंगावर काटा येतो.

पाश्चात्त्य खूळ? र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक विषयांवरचं मासिक चालवलं, तेही मराठीत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. त्याच महाराष्ट्रानं २००७ साली किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांतून बंद पाडला. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. पण अमीबा, यीस्ट, जास्वंदीपर्यंत फळ्यावर सुबक आकृत्या, आणि माणसाचा नंबर आला की ‘हे घरी वाचून या’ म्हणणारे शिक्षक अजून सापडतात. मागच्या बाकांवर खसखस पिकते ती तेव्हाच.

उरले घरचे संस्कार. आईवडिलांनी सांगावं हे मलाही मान्य, पण सांगतात कुठे? भारतातल्या शंभरावर अभ्यासांचा आढावा २०१६ साली निघाला : पाळी येण्याआधी तिच्याबद्दल ठाऊक असलेल्या मुली जेमतेम निम्म्या. मुलग्यांशी तर घरात कुणी अवाक्षर काढत नाही. त्यांचा क्लास मोबाइलवर, पॉर्न बघून.

आणि धाक. त्यानं मुलं किती सुरक्षित राहिली, तेही बघा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७मध्ये १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसला होता. करणारे निम्मे लोक ओळखीतले, विश्वासातले. बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.