डेट्रॉइटहून: मसल कार कोणी घ्यावी

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीचा जो अपघात झाला, दोन तरुण इंजिनियरांचा जीव गेला, गाडी चालवत होता म्हणून पकडलेला मुलगा सतरा वर्षांचा निघाला आणि त्याला पहिल्यांदा जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, ते कुणी विसरलेलं नसणार. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एक वाद अधूनमधून पेटतोच. काका-मामा मंडळींचं म्हणणं की एवढ्या पॉवरच्या गाड्या आपल्याकडे विकायलाच नकोत. धाकटा मावसभाऊ म्हणतो, ताई तुमच्याकडे तर सोळा वर्षांची पोरं फोर्डची मस्टँग चालवतात, तिकडे काही होत नाही, मग आपल्यालाच का अडवता? आणि मग दोन्हीकडचे मला विचारतात, कारण मी डेट्रॉइटच्या बाजूला ट्रॉयला राहते, ब्रेकच्या पार्ट्सच्या कंपनीत काम करते आणि ह्या गाड्या रोज बघते.

माझं मत दोघांनाही पटत नाही, तरी सविस्तर लिहितेच.

आधी ह्या मसल कार म्हणजे काय ते. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटिअ‍ॅकने आपल्या मधल्या साइजच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचाचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन बसवलं आणि जीटीओ नावाने विकलं, बहुतेक लोक मसल कारची सुरुवात तिथूनच धरतात. त्याच वर्षी १७ एप्रिलला मस्टँग आली, किंमत २,३६८ डॉलरपासून. म्हणजे मुद्दा काय होता, तर साध्या पगारदार माणसाच्या खिशातली गाडी आणि त्यात जमेल तेवढं मोठं इंजिन. फेरारी नाही, फोर्ड. हे भारतात लोक लक्षात घेत नाहीत, कारण तिकडे ही गाडी कधी साध्या माणसाला मिळालीच नाही. २०१६ मध्ये फोर्डने भारतात मस्टँग आणली ती दिल्ली एक्स-शोरूम ६५ लाखाला, तीही इथल्यापेक्षा कमी पॉवरची. त्या वर्षी इथे मस्टँग जीटी साधारण ३३ हजार डॉलरपासून मिळायची, तेव्हाच्या भावाने बावीस-तेवीस लाख. वरचं मॉडेल, ऑटोमॅटिक, राइट हँड ड्राइव्ह, सगळं धरलं तरी बाकीची रक्कम ड्युटी आणि टॅक्सचीच की. त्यामुळे भारतात पॉवरफुल गाडी म्हणजे बिल्डरच्या मुलाची गाडी हे समीकरण झालं आणि सगळा राग गाडीवर निघतो.

इथे ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर येऊन बघा कोण चालवतं ते. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅक गावापर्यंत ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, आणि त्यात बरेच लोक असे असतात की ज्यांनी किंवा ज्यांच्या वडिलांनी त्याच गाडीचे दरवाजे नाहीतर गिअरबॉक्स कारखान्यात लाइनवर बसवलेत. खुर्च्या टाकून फुटपाथवर बसतात, बॉनेट उघडं ठेवतात, कुणीही येऊन विचारावं, अर्धा अर्धा तास सांगत बसतात. चाकण-तळेगावला गाड्या बनवणाऱ्या आपल्या लोकांच्या नशिबी हे कधी आलं नाही ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मिशिगनचा एक नियम मला फार आवडतो. पंचवीस वर्षांपेक्षा जुनी गाडी हौस म्हणून ठेवली असेल तर हिस्टॉरिक नंबर प्लेट मिळते, तीस डॉलर, आणि ती दहा वर्षं चालते. अट अशी की गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही, क्लबचे कार्यक्रम, परेड, प्रदर्शन एवढ्यालाच बाहेर काढायची. पण ऑगस्ट महिन्यात मनसोक्त फिरवा, ती सूट कायद्यातच लिहून ठेवली आहे. म्हणजे सरकारला माहीत आहे की लोकांना ह्या गाड्यांचं वेड आहे आणि सरकारने त्या वेडाला एक महिना दिलाय.

आता आपल्याकडे बघा. केंद्राने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आणले, चांगली गोष्ट केली, पण विंटेज कधी, तर गाडी पन्नास वर्षांची झाल्यावर. नवीन रजिस्ट्रेशनला वीस हजार रुपये. आणि साधी आरसी पंधरा वर्षांची. पंधरा ते पन्नास ह्या पस्तीस वर्षांत गाडीने करायचं काय? दर पाच वर्षांनी फिटनेस, ग्रीन टॅक्स, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांच्या वरच्या कारला रिन्यूअल फी दहा हजार. दिल्लीत तर १ जुलै २०२५ ला पंधरा वर्षांच्या पेट्रोल आणि दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं सुरू केलं, लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा दोन-तीन दिवसांत मागे घेतलं. दिल्लीची हवा मला कळते, मी तिथल्या धुराची चेष्टा करणार नाही, पण गाडी धूर किती सोडते ते न बघता जन्मतारीख बघून तिला बाद करणं मला इंजिनियर म्हणून पटत नाही. नीट ठेवलेली कॉन्टेसा आणि कधी सर्व्हिसिंग न केलेली आठ वर्षांची टॅक्सी, दोन्ही गाड्या धूर तपासायच्या मशीनवर लावा आणि मग ठरवा.

मात्र इथलं सगळं चांगलं म्हणाल तर तेही नाही. मिशिगनमध्ये गाडीची वर्षाकाठी कसलीच तपासणी नाही, ना धुराची ना ब्रेकची. मी ज्या लाइनमध्ये आहे त्या लाइनमधल्या माणसाला हे बघून झोप येऊ नये. शनिवारी रात्री चौक अडवून गाड्या गरागरा फिरवत टायर जाळणारी टोळकी इथेही आहेत, आणि शेजारच्या घरात तान्हं बाळ असेल तर तो आवाज म्हणजे काय ते विचारा त्या आईला. आणि "तिकडे काही होत नाही" हे मावसभावाचं वाक्य तर साफ चूक. अमेरिकेत वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात, लोकसंख्येच्या हिशोबाने भारताच्या जवळपास तेवढंच प्रमाण पडतं. इन्शुरन्स कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था आहे, तिने २०२३ मध्ये २०२० च्या मॉडेल्सचे आकडे काढले, त्यात ड्रायव्हर मरण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असलेल्या गाड्यांमध्ये डॉजच्या चार्जर आणि चॅलेंजर, शेव्हर्लेची कमारो आणि मस्टँग ह्यांची नावं भरपूर होती. काका लोकांची भीती खोटी नाहीये.

मग फरक कुठे आहे, तर माझ्या मते इन्शुरन्समध्ये. इथे बावीस वर्षांचा मुलगा व्ही-एट मस्टँग घ्यायला गेला की आधी प्रीमियमचा आकडा ऐकतो, वय, कुठे राहतो, पोलिसांच्या दंडाची किती तिकिटं, किती अ‍ॅक्सिडेंट, सगळं त्यात येतं, आणि बऱ्याच जणांची गाडी त्या आकड्यावरच अडते. हे आजचं नाही. १९७० नंतरच्या काही वर्षांत पहिल्या मसल कार मेल्या त्या लोक १९७३ च्या तेलबंदीमुळे म्हणतात, प्रदूषणाचे कायदेही होतेच, पण त्याच्या आधीच इन्शुरन्सवाल्यांनी जास्त हॉर्सपॉवरवर एवढा अधिभार लावला होता की तरुण गिऱ्हाईक पळायला लागलं होतं. आपल्याकडे थर्ड पार्टी प्रीमियम सरकार ठरवतं आणि तो सीसीवर. १,५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये, संपलं. १,६०० सीसीची घरगुती सेडान असो की पाच लिटरची मस्टँग, चालवणारा पन्नाशीतला मास्तर असो की नुकतं लायसन मिळालेलं पोरगं, तेवढेच. म्हणजे जो दुसऱ्याचा जीव घेऊ शकतो त्या धोक्याची किंमत कुणी लावतच नाही, आणि गाडी जुनी झाली म्हणून मात्र दहा हजार. हे उलटं करा एवढंच माझं म्हणणं आहे. बंदीने श्रीमंताचं पोर थांबत नाही, गाडी काकाच्या नाहीतर कंपनीच्या नावावर येते. बापाच्या नावावर दरवर्षी दोन लाखांचा प्रीमियम बसू दे आणि अल्पवयीन मुलाच्या हातात चावी दिली तर क्लेम शून्य होऊ दे, मग बघू चावी कुठे ठेवली जाते.

आता इथे असणाऱ्या आपल्या लोकांसाठी, कारण मराठी मंडळाच्या कार्यक्रमात प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच.

क्लासिक घ्यायची असेल तर इंजिन शेवटी बघा. आधी गंज. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते मीठ गाडी खालून खातं. आमच्या ओळखीतल्या नाशिकच्या एका गृहस्थांबरोबर मी १९६७ ची मस्टँग बघायला गेले होते, लाल, क्रोम चकचकीत, मालक लाइनवरून रिटायर झालेला, फार सज्जन माणूस. मी पाण्याची बाटली मागितली आणि विंडशील्डच्या खाली जी जाळी असते, ज्याला इथे काउल म्हणतात, त्यात हळूहळू ओतली. आमच्या गृहस्थांना म्हटलं, तुम्ही आत डॅशबोर्डच्या खाली डोकं घाला. दोन मिनिटांत पॅसेंजर साइडला कार्पेटवर थेंब पडायला लागले. त्या काळच्या मस्टँगचं हे ठरलेलं दुखणं, आतून काउल गंजतो, पाणी फ्लोअरवर येतं आणि फ्लोअर जातो, आणि काउल बदलायचा म्हणजे गाडीचं अर्धं तोंड उघडायचं. मग क्वार्टर पॅनलवर, म्हणजे मागच्या चाकाभोवतीच्या पत्र्यावर, चुंबक फिरवला, चाकाच्या मागे तो चिकटेना, म्हणजे पत्र्याच्या जागी पुटी. मालकाने काही लपवलं नव्हतं, त्यालाच माहीत नव्हतं, मग किंमत बऱ्यापैकी खाली आली. आमच्या गृहस्थांनी तरी घेतली नाही, आणि बरोबर केलं.

दुसरं, गाडीचा नंबर. त्या काळच्या मस्टँगच्या व्हीआयएनमधलं, म्हणजे गाडीवर कोरलेल्या ओळख नंबरातलं, पाचवं अक्षर इंजिनचं असतं. टी असेल तर गाडी फॅक्टरीतून सहा सिलिंडरची निघाली, सी किंवा ए असेल तर व्ही-एट, के असेल तर हाय परफॉर्मन्स आणि किंमतही तशीच. टी नंबरच्या गाडीत कुणी नंतर व्ही-एट टाकलं असेल तर चालवायला मजाच आहे, पण पैसे के चे देऊ नका. १९६७ पासूनच्या फोर्डला मार्टी रिपोर्ट काढता येतो, त्यात गाडी कुठल्या रंगाची, कुठल्या ऑप्शनची बनली ते सगळं येतं. आणि १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये ब्रेकचं सिंगल सर्किट असतं, एका जागी लीक झालं की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन वेगळी सर्किट चालवणारा ड्युअल मास्टर सिलिंडर बसवून घ्या, ओरिजिनॅलिटीचा हट्ट इथे धरू नका, हे मी हात जोडून सांगते.

नवीन घ्यायची तर पर्याय कमी झालेत. कमारो डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली, जुनी चार्जर आणि चॅलेंजरही त्याच महिन्यात. व्ही-एट मस्टँग अजून इथे फ्लॅट रॉकला बनते, ४८० हॉर्सपॉवरची. नवी चार्जर आधी इलेक्ट्रिक आली, मग सहा सिलिंडर टर्बो. सेकंडहँड हेलकॅटच्या, म्हणजे चार्जर-चॅलेंजरच्या जास्त पॉवरवाल्या मॉडेलच्या, मोहात पडायच्या आधी हे ऐका, २०२० ते २२ ची चार्जर हेलकॅट चोरीला जाण्याचं प्रमाण सरासरी गाडीच्या साठपटीहून जास्त निघालं होतं. गॅरेज नसेल तर विषय सोडा. आणि चौऱ्याऐंशी महिन्यांचं लोन काढून कुठलीही स्पोर्ट्स गाडी घेऊ नका. इथे पंचविशीतली मुलं पगाराचा तिसरा हिस्सा हप्त्यात घालतात आणि टायरला पैसे उरत नाहीत, मग गुळगुळीत मागच्या टायरांवर पावसात चारशे ऐंशी हॉर्सपॉवर. ती गाडी मग कुठे जाऊन थांबते ते मला कामात फोटोंमधून बघायला लागतं.

मावसभावाने मागच्या आठवड्यात साताऱ्याकडच्या एका कॉन्टेसाचे फोटो पाठवलेत, इसुझू इंजिनची, १.८ वाली, एका हातात राहिलेली. मामा म्हणतात भंगार. मी त्याला म्हटलं घे, पण आधी आरसी रिन्यू झालीये का बघ, गाडी लिफ्टवर चढवून खालून व्हिडिओ काढ, चारही ब्रेक उघडून दाखवायला सांग आणि तो व्हिडिओ मला पाठव, मग पैशाचं बोल.