पऱ्या पुसावा कसा?

कोकणात बिल्डिंग उठवायची आहे ना? मग साईट प्लॅनला, म्हणजे प्लॉटवर नि आजूबाजूला काय कुठे आहे ते दाखवणाऱ्या नकाशाला, अजिबात घाबरू नका. नकाशा पास झाला की त्याची गुंडाळी माळ्यावर.

पार्किंग ऐसपैस दाखवा. गाळे मागाहून काढता येतात.

झाडं नकाशात काढू नका, म्हणजे प्लॉटवरून काढायला सोपी.

आता खरी युक्ती, पऱ्याची, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या पावसाळी ओढ्याची. विहीर, नाला, झाडं, शेजारचा रस्ता, उत्तर दिशा, सगळं प्लॅनवर दाखवायचं असतं. तुम्ही उत्तरेचा बाण झोकात काढा आणि पऱ्या विसरा. पाहणीला कुणी येणारच असेल तर मे महिन्यात बोलवा. तेव्हा पऱ्यात पोरं क्रिकेट खेळत असतात. पाणी कुठाय, साहेब? मग आगोटीच्या आत, पाऊस लागायच्या आधी, चार फूट भराव, पऱ्या नऊ इंची पाइपात, वर पेव्हर ब्लॉक. आमच्या शेजारी अगदी असंच झालं. जुलैत रात्री अडीचला आई ओरडली, "पाय खाली टाकू नको रे!" माजघरात नडगीभर पाणी, तांदळाचा पिंप आडवा, देवाचा पाट तरंगत दारापर्यंत आलेला. सकाळी बघतो तर पाइपाच्या तोंडात एक झावळी. एक! अख्ख्या डोंगराचं पाणी आणि नऊ इंच! शाळेत गणित होतं की नव्हतं?

कुणी तक्रार केलीच तर "नकाशा मंजूर आहे" म्हणा. मला तीन टेबलांवर हेच ऐकवलं. माहितीच्या अधिकारात तो नकाशा काढला. पऱ्याच्या जागी लिहिलंय 'लॉन'.

अहो, 1966 च्या नगररचना कायद्यात परवानगी काय शिक्क्याची शाई संपवायला ठेवलीय? झोन निवासी आहे, कबूल. पण त्या प्लॉटवर घर बसवताना पाणी कुठून येतं, कुठे जातं, आगीचा बंब आत वळतो का, गाड्या रस्त्यावर येणार का, हे बांधायच्या आधी बघायचं असतं. तेव्हा चूक खोडरबरने निघते, नंतर जेसीबीनेही निघत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हापासून पूररेषा सगळ्यांना तोंडपाठ. पण त्या नदीच्या. पऱ्याच्या नशिबी साईट प्लॅनवरची एक रेघ, आणि तीच तुम्ही खाल्लीत.

लाज वाटू दे जरा, काढणाऱ्यालाही आणि शिक्का मारणाऱ्यालाही. पुढची पाहणी आषाढात करा. पिंप अजून पडवीत पालथा घातलाय, तोही बघून जा.