अर्थिंगची पिन कापू नका: ‘शुद्ध आवाजाच्या सात गुपितां’चा प्रतिवाद

घरी चांगला साउंड सेट बाळगणाऱ्या, एकमेकांकडे जाऊन तो ऐकणाऱ्या आणि कोणत्या स्पीकरवर तबला कसा वाजतो यावर तासन्‌तास बोलणाऱ्या मंडळींचे गट आता नागपूर-अमरावतीपुरते राहिलेले नाहीत. यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांतही ते आहेत आणि मी स्वतः अशा एका गटात आहे. या गटांतून गेला महिनाभर ‘शुद्ध आवाजाची सात गुपिते’ नावाचा संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: स्पीकरला सोन्याचा मुलामा दिलेली महागडी वायर लावावी, हमिंग, म्हणजे स्पीकरमधली सततची घूं-घूं, येत असेल तर ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कापून टाकावी, स्टॅबिलायझर काढून सेट थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडावा, सीडीत आवाजाच्या पायऱ्या होतात, म्हणून रेकॉर्ड किंवा 192 किलोहर्ट्झच्या (सीडीपेक्षा कितीतरी जास्त बारकाईने नोंदवलेल्या) फाइलीच ऐकाव्यात, नवी वायर दोनशे तास वाजवल्याशिवाय ‘उघडत’ नाही, कमी वॅटचा ॲम्प्लिफायर स्पीकरला नेहमी सुरक्षित असतो, आणि वायर चांगली असली की खोली कशीही चालते.

हा संदेश मी पहिल्यांदा वाचला तेव्हा काही न बोलता सोडून दिला, याचे मला आता वाईट वाटते. परवा दारव्हा तालुक्यातल्या गावाहून थोरल्या बहिणीचा फोन आला. “भाऊ, पोराची थे पेटी ओल्या फडक्यानं पुसत होती, त हाताले मुंग्या आल्या. पेटी खराब झाली काय?” पेटी म्हणजे ॲम्प्लिफायर. मी भाच्याला फोन द्यायला सांगितले. तो अगदी सहज म्हणाला, “मामा, काही नाही झालं. हमिंग जातच नव्हतं, म्हणून हॅक्सॉच्या पात्यानं अर्थची पिन कापली. ग्रुपवर आलं होतं.”

म्हणून दुसऱ्या गुपितापासूनच सुरुवात करतो. बाकीच्या सल्ल्यांनी फार तर पैसे जातील किंवा सेट जळेल. या सल्ल्याने माणूस जाईल.

थ्री पिन प्लग हातात घेऊन नीट पाहा. अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब असते. प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, यासाठी ती मुद्दाम तशी केलेली आहे. ॲम्प्लिफायरची धातूची बॉडी या पिनेमार्फत जमिनीशी जोडलेली असते. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन जळून किंवा उंदराने वायर कुरतडून फेज बॉडीला टेकला, तर करंटला जमिनीकडे जाण्याची वाट तयार असते आणि फ्यूज किंवा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पुरवठा तोडते. पिन कापलेली असेल तर यातले काहीच घडत नाही. सेट वाजत राहतो, बॉडीवर 230 व्होल्ट उभे राहतात आणि अनवाणी पायाने, ओल्या फडक्याने ती पुसणाऱ्या बाईच्या शरीरातून करंट जमिनीकडे जातो. शिवाय धोका त्या एका पेटीपुरता राहत नाही. सिग्नलच्या वायरींची बाहेरची जाळी सर्व उपकरणांच्या बॉडी एकमेकींना जोडते. त्यामुळे रेकॉर्ड प्लेयर, सीडी प्लेयर आणि हेडफोनची धातूची खाचसुद्धा त्याच व्होल्टेजवर जाते.

बहिणीच्या बाबतीत फेज अजून बॉडीला लागलेला नव्हता, हे तिचे नशीब. अशा ॲम्प्लिफायरमध्ये फिल्टरचे लहान कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ जागेवर असेल तर त्यांची किरकोळ गळती जमिनीत जाते. अर्थ तोडला की बॉडी पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहते. तो करंट फार थोडा असतो, म्हणून मुंग्यांवर निभावले. परंतु पेटीला टेस्टर लावला की दिवा लागतो आणि घरातली माणसे ‘थोडा करंट येतो’ म्हणून ते अंगवळणी पाडून घेतात, हे मी दुरुस्तीच्या तीस वर्षांत अनेक घरांत पाहिले आहे. एकदा ही सवय लागली की खरा बिघाड झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर गटातल्या एकाने विचारले की, दोन पिनांचे सेट चालतातच ना? चालतात. त्यांच्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असते आणि ती उपकरणे दुहेरी इन्सुलेशनची, अर्थिंगविना सुरक्षित राहतील अशीच घडवलेली असतात. तीन पिनांचे उपकरण तसे घडवलेले नसते. पिन कापल्याने ते दुहेरी इन्सुलेशनचे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे आणि तो मला मान्य करावा लागतो: खेड्यात अर्थिंग असते कुठे, मग पिन ठेवून काय उपयोग? आपल्याकडच्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, घर बांधताना मीठ-कोळसा घालून बुजवलेला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि त्यात पाणी ओतायचे असते हे कोणाच्या गावी नसते. बहिणीच्या घरी वायरमनने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 100 वॅटचा बल्ब लावून पाहिला, तर आतली तार नुसती लालसर झाली. (हा प्रयोग घरी कोणीही करू नये, अर्थ खराब असेल तर त्यामुळे घरभरच्या बॉडींवर करंट येतो.) परंतु अर्थिंग दुबळे असेल तर ते दुरुस्त करायचे असते. त्याच घरात पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर चालतो, आणि कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. त्या कूलरचे अर्थिंग आणि या सेटचे अर्थिंग एकच असते.

येथे एक हिशेब सांगणे आवश्यक आहे. खड्ड्याचा रोध 20 ओहम असेल तर 230 व्होल्टला त्यातून साडेअकरा अँपिअरच करंट जातो आणि 16 अँपिअरची एमसीबी त्याने पडत नाही. म्हणून खेड्यातल्या घरात 30 मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवणे आवश्यक आहे. ती फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांतला फरक पाहते, त्यामुळे मोठा करंट वाहण्याची तिला गरज नसते. ज्यांनी वायरींवर हजारो रुपये घालवले आहेत, त्यांनी आधी मीटरजवळच्या बोर्डावर ही बसवलेली आहे की नाही ते पाहावे.

आता हमिंगविषयी. पिन कापल्यावर भाच्याचे हमिंग खरोखरच गेले होते आणि या सल्ल्यावर लोकांचा विश्वास बसतो तो त्यामुळेच. त्याच्या नव्या खोलीत एकच सॉकेट आहे. त्यावर ॲम्प्लिफायर होता, आणि संगणकासाठी जुन्या घरातून एक्स्टेन्शन ओढलेले होते. जुन्या घराचा अर्थिंगचा खड्डा वेगळा, नव्या खोलीचा वेगळा. दोन खड्ड्यांमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक असतोच. त्यामुळे संगणकापासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या सिग्नल वायरीच्या जाळीतून 50 हर्ट्झचा करंट फिरत राहिला आणि ॲम्प्लिफायरने तो मोठा करून ऐकवला. पिन कापल्याने हे वेटोळे तुटते; पण दोन्ही प्लग एकाच बोर्डावर आणले तरी त्यातून फिरणारा करंट जवळजवळ थांबतो. आम्ही प्लग नवा बसवला, दोन्ही उपकरणे एका बोर्डावर घेतली, सेट सुरू केला आणि स्पीकरला कान लावून पाहिला. हमिंग नव्हते. ज्यांचे एवढ्याने जाणार नाही त्यांनी सर्व सिग्नल वायरी काढून एकेक पुन्हा जोडत जावे. जिच्यामुळे आवाज सुरू होईल तिथे दोष आहे. बहुतेक वेळा तो डिशच्या किंवा केबल टीव्हीच्या वायरीत सापडतो. रेकॉर्ड प्लेयर असेल तर त्याची बारीक अर्थची वायर ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला जोडायची राहिलेली असते. तरीही हमिंग राहिले तर सिग्नलच्या वायरीत लहान आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवता येतो.

स्टॅबिलायझर काढण्याचा सल्लाही आपल्या भागात घातकच आहे, फक्त त्यात माणसाऐवजी सेट जळतो. संध्याकाळी कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली बसते आणि ते बंद झाले की वर उडी मारते, हे लाइनच्या टोकाला राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. स्वस्त स्टॅबिलायझरचा रिले बदलताना स्पीकरमध्ये ‘टक्’ ऐकू येते, एवढे खरे आहे. त्या एका ‘टक्’साठी पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर पणाला लावणे मला पटत नाही.

वायरींकडे येतो. सोने हे तांब्यापेक्षा चांगले वाहक आहे असा समज संदेशात गृहीत धरलेला आहे आणि तो उलटा आहे: वाहकतेत चांदी पहिली, तांबे दुसरे आणि सोने त्यांच्या मागे. जोडावर सोन्याचा मुलामा देतात तो केवळ सोने काळवंडत नाही म्हणून. दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे 0.012 ओहम असतो. पाच मीटरवरच्या स्पीकरपर्यंत जाऊन परत येताना तो 0.12 ओहम होतो. 8 ओहमच्या स्पीकरपुढे हा दीड टक्का झाला आणि आवाजात त्याने पडणारा फरक डेसिबलच्या आठव्या हिश्शाइतका आहे. केसासारखी बारीक वायर लांबवर ओढली तर आवाज बिघडतो, हे मात्र मान्य आहे. त्यावरचा उपाय तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळणारी जाड वायर हा आहे.

सीडीच्या ‘पायऱ्यां’चे चित्र संदेशासोबत जोडलेले आहे. सीडीवर आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे मोजमापे असतात, हे खरे. परंतु त्यांपासून आवाज परत घडवताना पायऱ्या उरतच नाहीत. 22,050 हर्ट्झखालची लहर त्या नमुन्यांवरून गुळगुळीत आणि पूर्णपणे परत मिळते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे, आणि माणसाचे कान तरुणपणीसुद्धा 20,000 हर्ट्झच्या पुढे ऐकत नाहीत. गणितावर ज्यांचा विश्वास नाही त्यांच्यासाठी प्रत्यक्ष परीक्षाही झालेली आहे. ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी 2007 मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनी उच्च दर्जाची ध्वनिमुद्रणे एकदा जशीच्या तशी आणि एकदा सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवली. त्या क्षणी कोणते वाजते आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितलेले नव्हते. 554 प्रयत्नांपैकी 276 उत्तरे बरोबर आली, म्हणजे 49.82 टक्के. नाणेफेक केली असती तरी एवढीच आली असती. 2016 मध्ये जोशुआ राइस यांनी अशा 18 प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण 52.3 टक्के निघाले, हेही सांगितले पाहिजे. फरक असलाच तर तो इतका आहे. काही जुन्या रेकॉर्ड त्यांच्या नंतरच्या सीडींपेक्षा कानाला बऱ्या वाटतात, हा अनुभव मलाही आहे. त्याचे कारण नंतरच्या सीडी तयार करताना आवाज दाबून एकसारखा मोठा केला जातो, हे आहे. तो दोष सीडी घडवणाऱ्यांचा.

दोनशे तासांच्या ‘उघडण्या’बद्दल फार लिहीत नाही. नव्या वूफरच्या (खर्जाचा आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडा सुरुवातीच्या काही तासांत थोड्या सैल होतात. तांब्याच्या वायरीत मात्र सैल होण्यासारखे काही नसते. कमी वॅटचा ॲम्प्लिफायर सुरक्षित, हेही सरसकट खरे नाही. लहान ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की लहरींचे माथे छाटले जातात आणि नाजूक ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचा लहान स्पीकर) त्यानेच जळतो. असे जळालेले ट्वीटर मी लग्नसराईनंतर दरवर्षी बदलून देतो.

राहिले सातवे गुपित, खोली कशीही चालते हे. याचे उत्तर भाच्याच्याच घरात आहे. मागच्या डिसेंबरात त्याने महागडी वायर आणली आणि दोन दिवसांनी मला फोन केला: “मामा, आवाज एकदम मोकळा झाला, बोल स्पष्ट येऊन राहिले.” मी गेलो तेव्हा त्या खोलीत एका भिंतीला लागून छातीइतक्या उंचीचा कापसाचा ढीग होता, भाव वाढेल म्हणून बहिणीने वेचलेला कापूस घरातच ठेवला होता. मी मध्ये उभा राहून टाळी वाजवली आणि ती जागच्या जागी विरली. फेब्रुवारीत कापूस विकला गेला. वायर तीच, स्पीकर तेच, आणि भाच्याची तक्रार सुरू झाली की आवाज पुन्हा घुमतो. त्याने ती वायर खराब निघाली असे ठरवले आणि गटात दुसरीची चौकशी सुरू केली.

आवाज बदलला होता तो कापसामुळे, वायरीमुळे नव्हे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबाइन यांनी 1895 पासून हार्वर्ड विद्यापीठात मऊ वस्तूंनी हेच केले होते. तिथले एक व्याख्यानगृह इतके घुमत होते की रिकामे असताना आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सेबाइन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणत, ओळीने मांडत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत. खोलीच्या ध्वनिशास्त्राचे सूत्र त्या गाद्यांतून निघाले.

परवा प्लग बदलून झाल्यावर मी भाच्याला हे सांगितले आणि आम्ही बहिणीकडून चार जाड गोधड्या मागून घेतल्या. दोन गोधड्या स्पीकरसमोरच्या भिंतीवर खिळे ठोकून टांगल्या, उरलेल्या दोन बाजूच्या भिंतींवर. स्पीकर कोपऱ्यातून दोन हात पुढे ओढले. वरचा टिनाचा पत्रा वूफरच्या ठोक्याला थरथरत होता, तिथे रबराचे तुकडे खोचले. मग भाच्यानेच मध्ये उभे राहून टाळी वाजवली, थोडा वेळ थांबला आणि पुन्हा वाजवली. दुसऱ्या वायरीची चौकशी त्याने त्याच रात्री गटातून काढून टाकली.