‘एक जुना वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

योग्य थेरपिस्ट शोधण्याबद्दलच्या माझ्या लेखावर आपण लिहिलंत : “सीबीटीला [विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणाऱ्या थेरपीला] पुरावा आहे, रिलेशनल थेरपी म्हणजे पैसे मोजून मारलेल्या गप्पा. फीचे आकडे फक्त पुण्याचे. आणि चपला बदलाव्यात तसे थेरपिस्ट बदलणाऱ्यांनी दुसऱ्यांना सल्ले देऊ नयेत. त्यांना थेरपी नको, शिस्त हवी.”

फीचं मान्य. आकडे पुण्याचेच होते. लहान गावातल्या वाचकासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायला हवा होता. २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे. झालं?

आता चपलांकडे येते. लेख पटला नाही तर लेखावर बोलावं. लेखिकेला शिस्त लावायचं काम आपल्याकडे कुणी सोपवलं?

वडील गेल्यानंतर मी एका नावाजलेल्या थेरपिस्टकडे जात होते. दर वेळी तक्ता मिळायचा : घटना, विचार, भावना. मी तो न चुकता भरून न्यायचे. शाळेत एकदाही गृहपाठ न बुडवलेली मुलगी मी, तेव्हा शिस्तीचं राहू द्या. एकदा विचारलं, “मला बाबांचा राग येतो, तो यात कुठे बसवू?” उत्तर आलं, “गेलेल्या माणसावर रागावणं विवेकाला धरून नाही.” मी म्हटलं, हे मला लागलं. त्यावर त्यांनी पुढचा तक्ता दिला. दोष तक्त्याचा नव्हे. या विवेकनिष्ठ, म्हणजे सीबीटीच्याच घराण्यातल्या, पद्धतीने महाराष्ट्रात कितीतरी जणांना सावरलंय. पण मी तिथून उठले आणि आजही ते मला बरोबरच वाटतं.

पुढे ज्या बाईंकडे स्थिरावले त्यांनी एकदा ऐनवेळी सत्र पुढे ढकललं. मी हसून “काही हरकत नाही” म्हटलं. पुढच्या खेपेला उशिरा पोचले आणि पावसापाण्याचं बोलत बसले. त्यांनीच थांबवलं : “माझा राग आलाय का? आला असेल तर इथेच बोलू. ऐनवेळी कळवलं, ते माझं चुकलंच.” आमच्या घरी राग आला की ताटावरून उठायचं आणि सकाळी काही झालंच नाही असं वागायचं. तेच मी तिथे करत होते. रिलेशनल थेरपीचं काम इथे चालतं. बाहेरच्या नात्यांत जे होतं ते थेरपिस्टसोबतही होतं, आणि तिथे ते दोघांना मिळून बघता येतं, थेरपिस्टचा त्यातला वाटा धरून. हंगेरीचे मनोविश्लेषक फेरेन्झी यांनी १९३२ च्या रोजनिशीत हेच चाचपडत लिहिलं. अमेरिकेत ग्रीनबर्ग आणि मिचेल या मनोविश्लेषकांनी १९८३ मध्ये त्याची सैद्धांतिक मांडणी केली. मानसशास्त्रज्ञ जेरेमी साफ्रान यांनी थेरपीतल्या अशा दुराव्यांवर आणि ते सांधण्यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. तुम्ही याला गप्पा म्हणता. अशा गप्पा होणारा कट्टा माहीत असेल तर पत्ता कळवा, माझे पैसे वाचतील.

“मग पहिल्यांकडेच थांबून बोलायचं होतं,” असं तुम्ही म्हणाल. बोलले की! वर काय लिहिलंय? नाराजी सांगितल्यावर समोरचा ती ऐकून घेतो की स्वतःचा बचाव मांडायला लागतो, थेरपिस्ट निवडायची माझी हीच कसोटी आहे. फोनवरच्या गोड आवाजावरून ते कळत नाही; चार सत्रं द्यावी लागतात आणि एकदा तरी तक्रार करून बघावी लागते.

पुराव्याचं थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडलं, की उद्दिष्टावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि आपसातला विश्वास, यांवर उपचार उभा राहतो. पद्धत कुठलीही असो, या नात्याचा परिणामाशी संबंध अभ्यासांत सातत्याने दिसतो. तो सगळं ठरवत नाही, पण दिसतो. ओसीडीसाठी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारासाठी) मीही आधी सीबीटीकडेच पाठवीन. लेखात तसं लिहिलंय. तिथपर्यंत आपण पोचला नसाल.

बाकी मुद्दे उत्तर देण्यासारखे वाटले नाहीत. पुढच्या वेळी नाव लिहून प्रतिक्रिया दिलीत तर उत्तर लवकर देईन.